शोभेची ठासणीची बंदूक: काळ आधी ठरवा, पैसे नंतर मोजा

१६९७ साली म्हसवडच्या नागोजी माने यांनी सेनापती संताजी घोरपडे यांना शंभू महादेवाच्या डोंगरात गाठून मारलं. हा प्रसंग गणपतीच्या देखाव्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा हौशी नाटकात उभा करायचा ठरला, की ढाल-तलवारी, पागोटी, अंगरखे भाड्याने मिळून जातात. अडतं ते बंदुकीपाशी. ड्रेपरीवाला देतो ती बंदूक बहुधा १८५७ च्या चित्रातून उतरलेली असते आणि सुतार करून देतो ती सिनेमात पाहिलेली. मग संताजींच्या काळातला शिपाई दीडशे वर्षांनंतरची बंदूक खांद्यावर टाकून उभा राहतो.

देखाव्यासाठी, शाळेच्या संग्रहासाठी किंवा दिवाणखान्यात लावण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती करून घ्यायची असेल, तर काय पाहायचं, कुणाकडून काय करून घ्यायचं आणि किती पैसे लागतील, ते इथे सांगितलं आहे. न उडणाऱ्या, भरीव नळीच्या शोभेच्या बंदुकीपुरतंच हे मार्गदर्शन आहे. बरोबर बंदुकीला चुकीच्या बंदुकीपेक्षा जास्त खर्च येत नाही. लाकूड कापून झाल्यावर काळ ठरवायला बसलं, की मात्र तो दुप्पट होतो.

काळ कुठला?

ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरून गजाने ठासायची बंदूक. पण ठासणीच्या बंदुकाही एका जातीच्या नसतात. दारू पेटवायची तऱ्हा बदलत गेली आणि तिच्याबरोबर बंदुकीचं रूपही बदललं.

तोड्याची बंदूक: जळत्या सुती दोरीने, म्हणजे तोड्याने, रंजक (बाहेरच्या वाटीतली पेट धरणारी दारू) पेटवायची. शिवकाळ, संताजी-धनाजींचा काळ आणि पेशवाईचाही मोठा भाग हिचाच आहे. गावोगावी तर ती त्यानंतरही बरीच वर्षं टिकली.

चकमकीची बंदूक: घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते आणि ती पोलादावर आपटून ठिणगी पाडते. १७६१ च्या पानिपतावरचे इब्राहिमखानाचे गारदी, महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी, १८०३ ची असईची लढाई, १८१८ ची पेशवाईची अखेर, या प्रसंगांना ही शोभते.

टोपीची किंवा केपाची बंदूक: तांब्याच्या छोट्या टोपीवर घोडा आपटतो. इंग्रजी फौजेत ही १८४० च्या आसपास रुळली. म्हणून १८३२ साली फाशी गेलेल्या उमाजी नाइकांच्या हाती केपाची बंदूक देणं चूक ठरतं. १८५७ ची एन्फिल्ड मात्र याच जातीची. ती खरी रायफल होती, कारण तिच्या नळीत आतून तीन पिळदार खाचा होत्या. वरच्या दोन्ही जातींच्या बहुतेक बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत असत.

यातली एक जात निवडा आणि प्रसंगाचं साल कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या सालावर बेततं.

नमुना कुठे पाहायचा?

साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय सगळ्यांत सोयीचं. म्हसवडहून दहिवडीमार्गे एसटीने सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं आणि जेवणखाण धरून माणशी पाचशे रुपयांत काम होतं. कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय इथेही जुनी हत्यारं पाहायला मिळतात. सुताराला बरोबर न्या. तुम्ही दहा फोटो दाखवून जे सांगाल, ते तो काचेपाशी दोन मिनिटं उभा राहून टिपतो: दस्ता किती निमुळता आहे, नळी लाकडात किती खोल बसली आहे, कड कुठे मारली आहे.

फोटो काढायची परवानगी आधी विचारा आणि फ्लॅश मारू नका. बंदुकीच्या अगदी समोरून काटकोनात काढलेला एक फोटो मापासाठी लागतो, तिरपा फोटो फसवतो. वस्तूची एकूण लांबी संग्रहालयाच्या नोंदवहीत असते. विनंती केली तर ती मिळू शकते. एक लांबी हाती आली, की त्या फोटोवरून बाकीची मापं त्रैराशिकाने निघतात. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि लीड्सचं रॉयल आर्मरीज यांनी आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांचे फोटो मापांसह इंटरनेटवर ठेवले आहेत. ते पाहायला पैसे पडत नाहीत. सिनेमाचं पोस्टर, खेळण्याचं दुकान आणि लग्नाच्या हॉलमधली सजावट हे नमुने धरू नयेत.

तोड्याची बंदूक ओळखायची कशी?

माणदेशातल्या देखाव्यांना बहुतेक वेळा हीच लागते, म्हणून तिचा तपशील जास्त देतो.

दस्ता सडपातळ आणि जवळजवळ सरळ असतो. इंग्रजी बंदुकीसारखा खांद्याला टेकायचा रुंद, खाली उतरता कुंदा हिला नसतो. दस्ता मागून पाहिला तर कडा मारलेला, पाच बाजूंचा दिसतो. नळी लांब असते. पूर्ण बंदूक उभी केली तर साडेपाच फुटांच्या आसपास भरते, म्हणजे माणसाच्या उंचीची. नळी लाकडाला चामड्याच्या वादीने, तारेने किंवा धातूच्या पट्ट्यांनी जागोजाग बांधलेली असते.

बाहेर दिसणारी मोठी यंत्रणा हिला नसते. दस्त्याच्या वरच्या अंगाला, नळीच्या बुडामागे एक उभी फट असते. तिच्यातून तोडा धरणारा दुबेळक्या टोकाचा घोडा वर येतो. चाप ओढला की घोडा पुढे, नळीच्या दिशेने कलतो आणि तोड्याचं टोक उजव्या बाजूच्या रंजकाच्या वाटीत टेकतं. वाटीवर सरकतं झाकण असतं. दस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. चाप म्हणजे पानासारखी एक साधी पट्टी, तिच्याभोवती संरक्षक कडं नसतं. लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच, कारण चापाभोवतीचं पितळी कडं डोळ्यांत बसलेलं असतं. ते कडं आलं की बंदूक विलायती झाली.

चकमकीची इंग्रजी बंदूक करायची असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. कंपनीच्या फौजेतल्या ‘इंडिया पॅटर्न’ची नळी ३९ इंचांची, पांढरी घासलेली होती. ती लाकडाला आतून खिळींनी बसवलेली असे, बाहेरून पट्ट्या नव्हत्या. १८५३ च्या एन्फिल्डची नळीही ३९ इंचांचीच, पण ती काळसर निळी आणि तिच्यावर तीन लोखंडी पट्ट्या. लांबी सारखी असल्यामुळे या दोघींची सरमिसळ फार होते.

कायदा: नळी भरीवच हवी

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं, दुरुस्त करणं आणि विकणं गुन्हा आहे. शोभेच्या बंदुकीचं रूपांतर उडणाऱ्या बंदुकीत करणं हाही तितकाच मोठा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. ती करवून घेणाऱ्याला आणि करणाऱ्या कारागिराला, दोघांनाही भोवू शकते. ‘ठासणीचीच तर आहे’ हा बचाव चालत नाही.

म्हणून तीन नियम पाळा. नळी भरीव गोल बारची करा. तोंडाला दिसण्यापुरतं दीड-दोन इंच भोक पुरे. बुडाशी, रंजकाच्या वाटीपाशी, आत जाणारं छिद्र पाडू नका. काळ्या रंगाचा एक ठिपका पुरतो. आणि जुन्या बाजारातून खरी जुनी नळी आणून प्रतिकृतीला बसवू नका. कायद्याच्या व्याख्येत हत्याराचे भागही हत्यारच धरले जातात.

घरच्या माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडली, तर ती ‘नमुना’ म्हणून लोहाराकडे नेऊ नका. दुरुस्तीनेही उडू शकत नाही अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तू ठरणाऱ्या हत्याराला कायद्यात सूट आहे, पण ते तसं आहे की नाही हे लोहाराने किंवा आपण ठरवायचं नसतं. आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. प्रतिकृती एक-दोन नव्हे तर विक्रीसाठी डझनाने करायच्या असतील, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारून घ्या.

खर्चाचे तीन मार्ग

पहिला, भाड्याने. सांगली, कोल्हापूर, पुण्याकडच्या ड्रेपरीवाल्यांकडे लाकडी बंदूक एका रात्रीला साधारण शंभर ते तीनशे रुपयांत मिळते, अनामत वेगळी. एकाच प्रयोगासाठी हाच मार्ग शहाणपणाचा. फक्त चापाभोवतीचं कडं काढता येईल का आणि तोडा बांधता येईल का, हे विचारून घ्या.

दुसरा, पूर्ण लाकडी. नळीही लाकडाची, काळी रंगवलेली. दीड ते अडीच हजारांत होते. वजन कमी असल्याने मुलांच्या हाती द्यायला हीच योग्य.

तिसरा, लाकडी दस्ता आणि भरीव लोखंडी नळी. शाळेत, वाचनालयात, घरात कायम ठेवायची असेल तर ही. हिचा हिशोब खाली दिला आहे. मजुरी आणि भाव हे या पट्ट्यातले ढोबळ अंदाज आहेत. लोखंड आणि पितळ किलोवर मिळतं, त्यामुळे वजन धरून चाला आणि भाव त्या दिवशीचा लावा.

लाकूड: साडेपाच फूट लांब, पाच इंच रुंद, दोन इंच जाड तुकडा म्हणजे ०.४ घनफुटाला थोडं कमी. घट-छाट धरून अर्धा घनफूट घ्या. सागवान घनफुटाला तीन ते पाच हजार धरलं तर १,५०० ते २,५०० रुपये.

सुतारकाम: चार ते पाच दिवस, दिवसाला ९०० ते १,१०० रुपये. म्हणजे ३,६०० ते ५,५००.

नळी: २५ मिलिमीटर जाडीचा, १२० सेंटिमीटर लांबीचा भरीव बार ४.६ किलो भरतो. लेथवर बुडाशी २५ आणि तोंडाशी १८ मिलिमीटर असा निमुळता केला, की साडेतीन किलो उरतो. लोखंड चारशेच्या आत आणि लेथची मजुरी १,२०० ते १,८००. एकूण १,६०० ते २,२००.

चाप, घोडा, रंजकाची वाटी, बाजूच्या पट्ट्या: लोहार किंवा फॅब्रिकेशनवाला १,२०० ते २,०००.

पितळी पट्ट्या: एक मिलिमीटर पत्र्याच्या, दोन सेंटिमीटर रुंद पाच पट्ट्यांना जेमतेम शंभर ग्रॅम पितळ लागतं. मजुरी धरून ४०० ते ७००. ‘पितळ महाग झालंय’ म्हणून कुणी दोन हजार सांगितले, तर पट्ट्या वजनावर मागा.

गज, तोडा, चामडी वादी, जवसाचं तेल, मेण, खिळे: ५०० ते ८००.

बेरीज ८,८०० ते १३,७०० रुपये. दस्त्यावर हाडाची जडावट किंवा नळीवर सोन्या-चांदीच्या तारेची कोफ्तगिरी हवी असेल, तर तो वेगळाच खेळ. कोफ्तगिरीचे कारागीर उदयपूरकडे आहेत आणि पंचवीस हजारांच्या खाली ते काम मनासारखं होत नाही. साध्या शिपायाच्या बंदुकीवर ती कलाकुसर शोभतही नाही. ती सरदाराच्या शिकारी बंदुकीवर असायची.

पैसा कुठे घालायचा?

लाकडावर आणि सुतारावर. प्रेक्षकाच्या नजरेत आधी दस्त्याची रेघ भरते. जुना वाडा किंवा घर उतरवतात तिथलं सागवानी लाकूड मिळालं तर उत्तम. ते पुरतं वाळलेलं असतं आणि रंगही मुरलेला असतो. त्यातले मोडके खिळे आधी काढून घ्या, नाहीतर रंधा जातो. शिसव दिसायला सुंदर, पण वखारीतून पावती घेऊनच आणा. बाभूळ माणदेशात हवी तेवढी, कणखरही आहे, मात्र साडेपाच फूट सरळ तुकडा मिळणं मुश्कील आणि ओली वापरली तर पिळते. लाकडाची शीर दस्त्याच्या लांबीने सलग जाते का, हे कापण्याआधी पाहा. आडवी शीर चापाच्या फटीपाशी आली की दस्ता तिथेच मोडतो.

नळीचा खाचा सुतार करवतीने काढायला निघाला तर थांबवा. आधी नळी तयार करून आणायची, तिला काजळी फासायची, लाकडावर ठेवून उचलायची आणि काळं उमटेल तेवढंच पटाशीने काढायचं. पुन्हा ठेवायची, पुन्हा काढायचं. हे काम जवळजवळ दिवसभर चालतं, पण नळी लाकडात अशी बसते की दोघांमध्ये नख जात नाही. घाईच्या कामात तिथे फट राहते आणि ती लुकणाने किंवा भुसा-फेविकॉलने बुजवली जाते. तो पांढरा पट्टा पुढे कितीही पॉलिश केलं तरी दिसतो.

चामड्याची वादी बांधायची असेल तर पाण्यात भिजवून, ताणून गुंडाळा. वाळताना ती आपोआप आवळते. पितळी पट्टीपेक्षा हा मार्ग स्वस्त आणि तोड्याच्या बंदुकीला पूर्णपणे साजेसा.

लोखंडाला क्रोम किंवा ऑइलपेंट नको. भट्टीत तापवून जवसाच्या तेलात बुडवलं की खोल काळा रंग चढतो. हे लोहाराच्या भट्टीवर, उघड्यावर, त्याच्याच हाताने करवा, कारण तेल भडकतं. लाकडाला मेलामाइनची चकाकी नको. जवसाचं तेल पातळ हाताने तीन-चार वेळा, दर वेळी एक-दोन दिवस वाळू देऊन, आणि शेवटी मेण. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

फुकट टाळता येणाऱ्या चुका

फुलीच्या खाचेचे स्क्रू. ते विसाव्या शतकातले. रिव्हेट किंवा हातठोक खिळे वापरा.

पितळेवर राजमुद्रा, भगवा किंवा गावाचं नाव कोरणं. राजमुद्रा पत्रांवर उमटत असे, शिपायाच्या बंदुकीवर नाही. देणगीदाराचं नाव घालायचंच तर खालच्या लाकडी घोडीवर घाला.

तोड्याच्या बंदुकीला पुढे संगीन लावणं. संगीन कवायती पलटणींबरोबर आली.

नायलॉनचा तोडा. साधी, न रंगवलेली सुती दोरी बोटाएवढी जाड घ्या आणि तिचं एक टोक काजळीने काळं करा. सोऱ्यात भिजवायची गरज नाही. तोडा पेटवायचा नाहीच.

नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुगवणं. तशी बंदूक वेगळी असते, ती इथे नको.

कागदावर काय घ्यायचं?

गावात सुताराशी करार कोण करतो, असं वाटेल. पण एक पान पुरतं: प्रसंगाचं साल, बंदुकीची जात, एकूण लांबी, नळीची लांबी आणि जाडी, लाकूड कोणतं, चापाला कडं नाही, नळी भरीव, बुडाला छिद्र नाही, कामाची तारीख, पैशांचे तीन हप्ते. लाकूड आणताना एक हप्ता, नळी बसल्यावर दुसरा, ताब्यात घेताना तिसरा. सोबत समोरून काढलेला फोटो जोडा आणि दोघांनी सह्या करा. ‘नळी भरीव’ हे वाक्य कारागिराच्याही संरक्षणाचं आहे, हे त्याला समजावून सांगा.

मिरवणुकीत न्यायची असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या: किती बंदुका, कोणत्या दिवशी, कुठून कुठे, आणि सोबत फोटो. सणासुदीला जमाव आणि हत्यारांबाबतचा मनाई आदेश लागू असू शकतो. अशा वेळी शोभेची बंदूकही दुरून खरीच दिसते. एसटीतून किंवा गाडीतून नेताना कापडात गुंडाळून, पावती आणि करार बरोबर ठेवून न्या. विमानात हातातल्या सामानात प्रतिकृतीही चालत नाही. नाटकात बार काढायचा मोह झाला तर आवाज स्पीकरवर वाजवा. नळीत फटाका घालू नका, ती भरीव असली तरीही.

ठेवताना घोंगडीत गुंडाळू नका, लोकर ओलावा धरते आणि लोखंडाला तांबेरा चढतो. तेलाचा हात दिलेलं सुती कापड बरं. पावसाळ्याआधी आणि नंतर नळी पुसून पुन्हा तेलाचा हात द्या. त्याला वर्षाला पन्नास रुपयेही लागत नाहीत.

ताब्यात घेताना

तिसरा हप्ता देण्याआधी चार गोष्टी तपासा. टेपने लांबी मोजा. नळी आणि लाकडाच्या मधल्या फटीवरून नख फिरवा. चाप ओढून घोडा पुढे कलतो आणि परत येतो का, ते पाहा. शेवटी एक सरळ काडी नळीच्या तोंडातून आत घाला. ती दोन इंचांवर अडली पाहिजे. अडली तर उरलेले पैसे द्या आणि पावती घ्या. आत गेली तर बंदूक घरी आणू नका. नळी बदलून मिळेपर्यंत तो हप्ता हातात ठेवा.